मागच्या खोलीतली बुरशी

नव्या घरात शिरताना लोक आधी देवाचा फोटो आणि पाण्याचा तांब्या आत नेतात. मीही नेला, पण काखेत वही होती. कळमनुरीतल्या या भाड्याच्या घराची किल्ली मालकांनी हातात दिली, तशी मी त्यांच्यासमोरच खोल्या फिरून लिहायला लागले. स्वयंपाकघराचा नळ गळतो. न्हाणीघराची कडी सैल. मागच्या खोलीला खिडकी एकच, पण मोठी. भिंती कोरड्या. मालक हात मागे बांधून माझ्यामागून फिरत होते. शेवटच्या खोलीत त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, घर किरायानं घेऊन राहिल्या का जप्तीला आल्या?"

मी त्यांची सही मागितली नाही, हाच माझा त्या दिवशीचा संयम. एका सरकारी कार्यालयात माझी वीस वर्षं आवक-जावक नोंदवण्यात गेली आहेत. आलेला कागद लिहून घ्यायचा, गेलेला लिहून ठेवायचा. ही सवय संध्याकाळी सहाला सुटत नाही.

पण "भिंती कोरड्या" हे मी मे महिन्यात लिहिलं होतं. मे महिन्यात आमच्या भागात विहिरीसुद्धा कोरड्या असतात. भिंतीनं तेव्हा कोरडं असण्यात काही विशेष नाही, हे मला सुचायला हवं होतं.

आषाढातल्या एका रविवारी झाडण्यासाठी मागच्या खोलीतली लोखंडी पेटी ओढली. पेटीमागं, कोपऱ्यात, ताटाएवढा काळपट हिरवा डाग होता. बोट लावलं तर मऊ. शिळ्या भाकरीवर येते तीच बुरशी. पण भाकरी उचलून टाकता येते. इथं भिंत मालकांची होती आणि खोली आत्याबाईंची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढं, नेमकं किती ते विचारलं की म्हणतात, "काहून, वहीत जागा उरली का?" मामंजी गेल्यावर सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्या दहा वर्षं एकट्या राहिल्या. मागच्या हिवाळ्यात चार दिवस तापानं फणफणल्या आणि कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शेजारणीनं फोन केला. तेव्हापासून माझ्या नवऱ्याची झोप उडाली. हे एकुलते एक. वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं यांचं दुकान आहे, तिथून दिवसातून तीन वेळा गावी फोन लावायचे आणि आई तो उचलायची नाही, कारण फोन डाळीच्या डब्यात ठेवलेला असायचा. का, तर चार्जिंग वाचते. शेवटी आत्याबाईंना स्वतंत्र खोली मिळावी म्हणून आम्ही हे मोठं घर घेतलं, आणि बऱ्याच विनवण्यांनंतर त्या आल्या. राहायला नव्हे, "बघायला". जीपमधून उतरतानाच त्यांनी तेवढं स्पष्ट केलं.

डाग सापडायच्या आधीपासून त्या खोकत होत्या. आता मी खोकल्याची वेळ लिहायला लागले आणि दोन दिवसांत कळलं की अंगणात बसल्या की खोकला नाही, खोलीत गेल्या की सुरू. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ती वाचली, हे त्यांचं कौतुक. म्हणाले, "खोलीतली ओल घालवा. नाहीतर आजींना कोरड्या जागी ठेवा."

'कोरडी जागा' ऐकताच आत्याबाईंचे डोळे चमकले.

"ऐकलं का? डाक्टर बी म्हणून राहिला, हिला गावाकडं ने म्हून."

"गावाकडं असं नाही म्हणाले ते, आत्याबाई."

"मंग कोरडी जागा दुसरी कोणती? माझ्या घरात टिपूसभर वल न्हाई. पोळ्यापर्यंत बघते. भिंत नीट झाली तर झाली. न्हाई तर पोळ्याला गेले ती गेले. मंग मला न्यायला कोणी येऊ नका."

पोळ्याला पाच आठवडे होते. त्या रात्री हे एकच भाकरी जेवले.

खोली बदलून पाहू म्हटलं. पुढच्या खोलीत खाट टाकते म्हणाले तर, "आल्या-गेल्यापुढं कुठं पाय पसरू?" आमची खोली घ्या म्हणाले तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तो मुद्दा मी वहीत लिहिलासुद्धा नाही.

मी नवं पान काढलं. वर लिहिलं, 'बुरशी'. खाली कारणं : छत, नळाची पाइप, जमीन, मालक. मालक हे ओलीचं कारण होऊ शकत नाही हे मला कळतं, पण भाडेकरूच्या यादीत तो आपोआप येतो.

आधी साफसफाई केली. खिडकी उघडी टाकली, आत्याबाईंना अंगणात बसवलं, तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे आणि बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी. डाग घासून काढला, भिंत पंख्याखाली वाळवली आणि जिथवर डाग होता तिथं पेन्सिलीनं रेघ ओढली, म्हणजे परत आला तर किती वाढला ते कळेल. आठ दिवसांत तो परत आला आणि रेघेच्या बाहेर दोन बोटं गेला. मी दुसरी रेघ ओढली. तिसऱ्या रविवारी हे दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "मोजणी झाली की सातबारा कोणाच्या नावानं काढणार आहेस?"

मालकांना सांगितलं होतंच. मालक आणि मालकीणबाई शेजारच्या अर्ध्या भागात राहतात. अंगण, जिना आणि गच्ची दोन्ही घरांना मिळून एक. मालक माणूस चांगला, फक्त आयुष्यभर शेती केल्यामुळं त्यांना जगात पीक सोडून दुसरं काही दिसत नाही. डाग बघून ते बराच वेळ मान हलवत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. तोंडाला रुमाल गुंडाळलेला, पाठीवर फवारणीचा पंप.

"बाजूला व्हा मॅडम. दहा मिनटाचं काम हाय."

"काका, यात काय आहे?"

"बुरशीनाशक. सोयाबीनला आणलं व्हतं, थोडं उरलं."

"अहो, ते पिकावर मारायचं आहे!"

"बुरशीचंच हाय की. सोयाबीनची जाते तर भिंतीची न जायला काय झालं? बुरशीला काय ठाव, पान हाय का भिंत हाय?"

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "बराबर बोलून राहिले ते! मारू दे गं. दोन पंप मार बाबा, एका पंपानं न्हाई जायाची."

जिच्या श्वासासाठी मी दारात आडवी उभी होते, ती माझी सासू आतून पंप मोजत होती. मी डबा मागून घेतला, चष्मा लावला आणि त्यावरची बारीक अक्षरं पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागले. बंद जागेत फवारू नये, इथवर आल्यावर मालकांनी हात वर केले.

"एवढं कोण वाचतं मॅडम? आमी तर डब्यावरचं चित्र बघून आणतो."

"वाचून वाचूनच बारीक झाली ती," आत्याबाई आतून म्हणाल्या. माझं वजन बघता हे खोटं होतं.

पंप भरलेलाच होता म्हणून मालक जाता जाता अंगणातल्या लिंबावर मारून गेले. लिंब त्या वर्षी झकास आला, हे मान्य करायला हवं.

मग मी एकेक कारण खोडत गेले. जोराचा पाऊस झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर जाऊन आलो. मागच्या खोलीवर चीर नाही, पाणी तुंबत नाही. छताला आतून वर्तमानपत्राचा कागद चिकटवून पाहिला, तो तीन दिवस कोरडा राहिला. नळदुरुस्तीवाल्यानं भिंत ठोकून सांगितलं की त्या बाजूनं पाइपच गेलेली नाही. फरशी कोरडी. आता यादीत मालक उरले, आणि भिंतीपलीकडं काय आहे हे मला तेव्हा आठवलं.

पलीकडं मालकांची हळद होती.

शिमग्यानंतर काढलेली, उकडून वाळवलेली सगळी हळद त्यांनी पोत्यांत भरून त्या खोलीत रचली होती आणि भाव यायची वाट बघत होते. पोती छतापर्यंत, थेट आमच्या भिंतीला चिकटून. वारा शिरायला जागा नाही. माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. मी वही घेऊन मालकांकडं गेले आणि मुद्देसूद सांगितलं. छत नाही, पाइप नाही, जमीन नाही. पोती भिंतीला टेकलेली आहेत आणि हळद पुरती वाळलेली नसावी.

शेवटचा मुद्दा सांगायला नको होता.

"माझी हळद वली?" मालक उभेच राहिले. "मॅडम, तुमी मला बोला. घराला बोला. हळदीला बोलू नका."

आत जाऊन त्यांनी हळकुंड आणलं, माझ्या कानाशी धरलं आणि मोडलं. कट्ट आवाज झाला. "ऐकलं? ह्याला वल म्हणतेत का?" मग मालकीणबाईंच्या कानाशी दुसरं मोडलं. त्या चहा गाळत होत्या. "मला काहून ऐकवून राहिले? मी काय म्हणलं?"

हट्टाला पेटून त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन हमाल बोलावले. पोती निघायला लागली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हजर होते, आणि मनात कसं बोलायचं याची तयारी करून होते. जिंकल्यावर फार टोचून बोलू नये, असं मी ठरवलं होतं. आत्याबाई आमच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक पोत्याकडं बघत होत्या. हमालांनी शेवटची रांग ओढली.

भिंत पांढरी स्वच्छ होती. चुना जसाच्या तसा, वर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आणि एक पाल. मी तळहात फिरवला. हाताला फक्त पिवळी भुकटी लागली. एवढी कोरडी भिंत मी मे महिन्यातसुद्धा पाहिली नव्हती.

मग मालक अगदी हळू आवाजात म्हणाले, "लिहा मॅडम. वहीत लिहा. भिंत कोरडी."

मी लिहिलं. दुसरं काय करणार?

"वल तुमच्याच बाजूनं हाय," ते म्हणाले, आणि एवढंच म्हणून थांबले. मी जिंकले असते तर एवढ्यावर थांबले असते की नाही, मला खात्री नाही.

आता यादीत काहीच उरलं नव्हतं आणि पोळा अडीच आठवड्यांवर आला होता. हे रोज दुकानातून येताना काही ना काही घेऊन यायचे. एकदा कापूर, एकदा डांबराच्या गोळ्या, एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून कोळसे. आत्याबाईंची पिशवी खुंटीला टांगलेली असायची. ती हळूहळू फुगायला लागली होती.

पुढच्या बुधवारी साहेब दौऱ्यावर गेले आणि मी दुपारी दोनलाच घरी आले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

खिडकी घट्ट बंद. खिडकीच्या गजापासून समोरच्या खुंटीपर्यंत सुतळी बांधलेली, तिच्यावर नऊवारी लुगडं चार पदरी टाकलेलं, खाली घमेलं, घमेल्यात टप टप पाणी. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, पेटीवर, मांडवात वरमाय बसावी तशा आत्याबाई बसलेल्या.

"लवकर आलीस?" त्या म्हणाल्या. चोरून चिंचा खाताना सापडलेल्या पोरीचा आवाज होता तो.

मी घमेलं उचलून बाहेर रिकामं केलं. तेवढ्या वेळात हिशेब जुळला. आम्ही दोघं साडेनऊला घराबाहेर पडतो. त्यानंतर त्या अंघोळ करणार, आदल्या दिवशीचं लुगडं धुणार. एवढं मोठं सुती लुगडं त्या हातांनी पुरतं पिळलं जात नाही. गल्लीतून दिसू नये म्हणून खिडकी बंद. सहाला मी येते म्हणून पाचला सुतळी सोडायची. तोवर लुगडं अर्धंच वाळलेलं असतं. मग ते पेटीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूनं पसरून ठेवायचं, म्हणजे सुनेला दिसत नाही. रोज, पावसाळा लागल्यापासून. छत, पाइप, जमीन आणि मालक यांची मी चौकशी केली होती. लुगड्याची केली नव्हती.

"गच्चीवर दोरी आहे ना, आत्याबाई."

"ती मालकिणीची."

"अर्धी आपली आहे. भाड्यात येते. मी लिहून घेतलंय."

"तुझ्या वहीत आली म्हून माझी झाली व्हय?" त्या पेटीवरून उठल्या. "मी पाव्हणी. पाव्हणीनं दुसऱ्याच्या गच्चीवर आपलं लुगडं वाळू घालू नये. लोकं काय म्हणतील? म्हातारी चार दिसाला आली अन् कायमचीच येऊन बसली."

आम्हाला तेच तर हवंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते असं तोंडावर म्हटलं की त्या दुसऱ्या दिवशीची पहिली जीप पकडणार, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी ह्यांना अंगणात नेऊन सांगितलं. आधी हे इतके हसले की लिंबाला धरून उभं राहावं लागलं. मग मागच्या खोलीच्या खिडकीकडं पाहून आवाज खाली आणला.

"तिला सांगू नकोस. बुरशी आपल्यामुळं आली असं कळलं तर ती लाजेनंच जाईल. पोळ्याचीसुद्धा वाट बघणार नाही."

"मग सांगायचं तरी कसं?"

"तुझ्या वहीत बघ की काही."

वहीत मी उपाय लिहिले. कपडे वाळवायचा स्टँड पुढच्या खोलीत ठेवला. त्यावर आत्याबाईंनी माझ्या साड्या नीट पसरल्या, स्वतःचं काही नाही. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. त्याचा आवाज नको म्हणून त्यांनी तो बंद करून वर टॉवेल टाकला. एका सकाळी मी उशिरा निघाले आणि त्यांचं लुगडं सरळ माझ्या बादलीत घातलं. त्यांनी ते बाहेर काढलं. "माझं लुगडं सुनंनं धुवायचे दिस अजून आले न्हाईत. तू जा हाफिसात. तिथं कागदं वाट बघून राहिले आसतील."

पोळ्याला बारा दिवस राहिले होते.

यापुढं जे झालं ते माझ्या वहीतून झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

पोती एवीतेवी बाहेर काढलीच आहेत, तर हळदीला जरा ऊन दाखवू, असं मालकांनी ठरवलं होतं. श्रावणातलं ऊन ते. घटकेत लख्ख, घटकेत सर. थोडी थोडी हळद गच्चीवर पसरायची आणि शिंतोडे आले की ताडपत्री ओढायची. मालक सकाळी पसरून शेतात जायचे. मालकीणबाईंचे गुडघे जिन्याला राजी नाहीत. एका दुपारी आभाळ भरून आलं आणि त्या अंगणात उभ्या राहून ओरडायला लागल्या, "अहो, कोणी हाय का? हळद!"

घरात होत्या फक्त आत्याबाई.

मला हे संध्याकाळी मालकीणबाईंनी सांगितलं, आणि अंगणात गाठूनच सांगितलं. "मावशी भराभर जिना चढल्या बाई. ताडपत्री ओढली, कडंला इटा ठिवल्या. मी म्हणलं, लई उपकार झाले. तर वरून मलाच म्हणतेत, हळद आशी पसरतेत व्हय? एवढा जाड थर? खालची काय रातच्याला वाळायाची का?"

आमच्या फ्रिजवर माझी एक यादी चिकटवलेली असते. घरात कोणी काय करायचं ते. आत्याबाईंच्या नावापुढं लिहिलेलं होतं : गोळ्या दोन वेळा, जिना नको, आराम. मला त्या यादीचं थोडं कौतुकच होतं. आत्याबाईंना वाचता येत नाही. पण आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बोट ठेवून विचारलं होतं, माझ्यापुढं काय लिहिलं? मी म्हटलं, आराम. त्यांनी बोट मागं घेतलं. मला वाटलं, पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघत होतो तेव्हा त्या पदर खोचून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. हे म्हणाले, "आई, जिना..." त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कठडा हाय. तुमी निघा. ह्या लोकांनी उन्हाची हळद सावलीत टाकून ठिवली."

त्या दिवसापासून गच्चीचा कारभार त्यांच्याकडं गेला. थर पातळ झाले. हळद दर तासाला खालीवर व्हायला लागली. गच्चीच्या सावलीच्या कडेला एक पोतं टाकून त्या दिवसभर तिथंच बसायच्या. मालक शेतातून आले की त्यांना खालूनच हाक मारून हिशेब द्यावा लागायचा की उद्या कोणती पोती वर येणार. "मावशी, आता त्या हळदीचं सोडा ना," असं एकदा म्हणाले, तर, "सोडा म्हणजे? भाव आला अन् हळदीनं मान टाकली तर मला इचारायला येसाल." मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुमची वही परवडली."

चौथ्या का पाचव्या दिवशी मी कार्यालयातून येत होते. गल्लीच्या तोंडाशीच वर नजर गेली. आमच्या गच्चीच्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊवारी लुगडं पसरलेलं होतं. पूर्ण उलगडून, एकपदरी, वाऱ्यावर. दोरीवर दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. मी दाराशी पोचले तर मालकीणबाई वाटच बघत होत्या.

"तुमच्या सासूबाईंनी माझे परकर उचलून कठड्यावर टाकले."

मी त्यांची माफी मागितली. इतक्या आनंदानं मी आजवर कोणाची माफी मागितली नाही.

आत्याबाई खोलीत होत्या. खिडकी उघडी होती. सुतळी गुंडाळून खुंटीला अडकवलेली. मी काही विचारणार नाही असं ठरवूनच आत गेले होते, पण त्यांनीच सुरुवात केली.

"दिसभर वर बसायचं तर लुगडं खाली कोण बघंल? म्हून नेलं वर. काम आमी करायाचं अन् दोरी दुसऱ्याची, आसं आसतं व्हय कुठं?"

"नाही, बराबर आहे."

"अन् भिंतीला बी वारा लागंल."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या गोळी शोधत होत्या, निदान तसं दाखवत होत्या.

"पोती निघाली त्याच दिशी कळलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "पलीकडून कोरडी, म्हंजी वल कोणाची? तुमी दोघं लिंबाखाली कुजबुजून राहिले. मी म्हणलं कुजबुजू द्या. बघू तर खरं, वहीवाली कवा बोलते."

वहीवाली अर्थातच बोलली नव्हती. त्या रात्री मी फ्रिजवरच्या यादीतलं 'आराम' खोडलं आणि 'जिना नको'सुद्धा खोडलं. त्या जागी काय लिहावं हे कळेना. शेवटी 'गच्ची' असं लिहिलं.

रविवारी डाग पुन्हा घासून काढला. मालकांनी चुन्याचे दोन हात मारले आणि भिंतीकडं शेताकडं बघावं तसं बघत राहिले. पेटी भिंतीपासून चार बोटं पुढं ओढली. पोळा दोन दिवसांवर आला, तरी डाग परतला नाही. खोकला अंगणात नव्हताच, आता खोलीतही कमी झाला. मी रोज टॉर्च घेऊन कोपरा बघायची. हे माझ्यामागून येऊन बघायचे. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी खुंटीवरून पिशवी काढली.

"आई, भिंत नीट झाली की," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"झाली ना. मी कुठं न्हाई म्हणून राहिले?"

"मग?"

"मंग काय? पोळा काय भिंतीसाठी आसतो का? आपलं शेत कसणाऱ्या बटईवाल्याचे बैल दारात येतेत. त्यांना घास कोण घालील?"

"परत कधी येशील?"

"बघू," म्हणाल्या आणि सेनगावच्या जीपमध्ये बसल्या. खिडकीतून मला एवढंच सांगितलं की ढग आले तर ताडपत्रीचं डावं टोक आधी ओढ.

पोळ्याला फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला नाही. फोन डाळीच्या डब्यात असणार, हे आम्ही एकमेकांना सांगत होतो. मागची खोली लख्ख कोरडी होती. इतकी कोरडी, की तिच्यात जाऊन बसवेना. मालक दिवसातून दोन वेळा दारात येऊन विचारायचे, "मावशी कवा येणार हायेत? न्हाई, हळदीचं इचारायचं व्हतं." मालकीणबाईंनी दोरी मोकळी ठेवली होती. परकर कठड्यावरच वाळत होते. ह्यांनी तिसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "न्यायला येऊ नका म्हणाली होती ना ती?"

"भिंत नीट झाली नाही तर, असं म्हणाल्या होत्या. मी लिहून ठेवलंय."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीत जीप थांबली. ड्रायव्हर उतरून मागचं दार उघडत होता आणि कुरकुरत होता, "आजी, म्हातारपणी एवढाले धोंडे कुठं घेऊन निघाल्या? माझी गाडी एका बाजूला बसली."

"गाडी बसली तर उठंल. तू हळू धर. फुटला तर ह्या जन्मात आसा दुसरा मिळायाचा न्हाई."

पोत्यात गुंडाळलेला पाटा होता, आणि वेगळ्या पोत्यात वरवंटा. आत्याबाई मागून उतरल्या, आभाळाकडं पाहिलं, मग गच्चीकडं पाहिलं.

"तुमच्या त्या मिक्सरच्या चटणीनं तोंडाची चव गेली माझ्या," त्या मला म्हणाल्या. "म्हून आणला."

ह्यांची कंबर दोन वर्षांपासून धरते. घरातला गॅसचा सिलिंडरसुद्धा हे उचलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला बाजूला केलं आणि पाटा एकट्यानं छातीशी धरून आत आणला. मी पुढं होऊन म्हटलं, थांबा, कुठं ठेवायचा ते आधी ठरवू, भिंतीपासून अंतर...

"इचारून काय राहिली? चुलीजवळ ठिव म्हणावं त्याला, दाराशी. जड हाय. एकदा ठिवला की पुन्ना हलवायचा न्हाई."

ह्यांनी तो स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, अगदी माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत. त्या आठवड्यात मला दोनदा ठेच लागली. मी वहीत काही लिहिलं नाही.